नंबर चुकवणारी मॅडम

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आईला सही येत नाही, वडील चौथीपर्यंत शिकले, दोन एकरांत वांगी, मेथी, कोथिंबीर करतात. मी मेहकरला एसटीनं जाऊन-येऊन बी.ए. झाले, अर्थशास्त्र घेऊन, प्रथम श्रेणीत. हे मी कुठंही सांगते. लोकांना वाटतं बढाई मारते. मारतेच. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांना ती मारावी लागत नाही, एवढाच फरक.

पदवीनंतर एका संस्थेत काम मिळालं. गावोगावी आरोग्य शिबिरं घ्यायची. बाहेर व्हरांड्यात बीपी, शुगर, हिमोग्लोबिन. आणि आत बंद खोलीत, माणूस हो म्हणाला तर, बोटातून थेंबभर रक्त घेऊन एचआयव्हीची झटपट चाचणी. खोलीतलं काम माझं. गळ्यातल्या कार्डावर ‘समुपदेशक’ लिहिलेलं. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. सहा दिवसांचं प्रशिक्षण आणि अकरा महिन्यांची ऑर्डर, संपली की पुन्हा नवी, एवढ्यावर उभी असलेली मी एक मुलगी.

प्रशिक्षण बुलढाण्याला झालं. पहिल्याच दिवशी प्रत्येकीनं स्वतःचं बोट टोचायचं होतं. मी घाईनं बोटाच्या मधोमध टोचलं आणि दोन दिवस पेन धरता आला नाही. तेव्हा कळलं, बोटाच्या कडेला का टोचायचं ते. शिकवणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या. आठवी शिकलेल्या. पहिल्या तासाला त्यांनी आपलं गाव सांगितलं, मुलं किती ते सांगितलं आणि त्याच आवाजात सांगितलं की मी स्वतः बारा वर्षांपासून एचआयव्हीच्या गोळ्या खाते. त्या खडू घेऊन फळ्याकडे वळल्या.

त्यांनी बरंच शिकवलं. रजिस्टर उघडं टाकून पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही. चाचणीची पट्टी ठरल्या वेळेच्या आधी वाचायची नाही, उशिरा तर मुळीच नाही. ‘हे कुठून आलं’ असं कुणाला विचारायचं नाही. आणि एक गोष्ट त्या रोज सांगत.

“निकाल सांगायले बाया ज्या ओळीनं बसल्या त्याच ओळीनं आत घ्यायच्या. अन प्रत्येकीले सारखाच वेळ बसवायचं. निकाल काही असो. बाहेरच्या बाया तुमचं तोंड नाही पाहत. त्या मोजत बसतात.”

मी हात वर केला. “पण मॅडम, जिचं काहीच निघालं नाही तिच्याशी पंधरा मिनिटं काय बोलायचं?”

“मेथीचा भाव विचार.”

सगळा वर्ग हसला. मी मेथी पिकवणाऱ्याची मुलगी, मला ते लागलं. वहीत मी त्यांचं वाक्य छान अक्षरात लिहून घेतलं आणि मनात म्हणाले, आठवीच्या बाईंनी वेळेचा असा हिशोब शिकवावा, आणि तोही अर्थशास्त्रवालीला.

कामाला लागले. किट गरम होऊन चालत नाही म्हणून बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं जायचं. कंडक्टर विचारायचा, “काय मॅडम, मच्छी हाय का डब्यात?” मी म्हणायचे, हो. कारण खरं सांगितलं असतं तर शेजारची सीट रिकामी झाली असती. आईनंही गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोरगी शुगर तपासते. खोली म्हणाल तर कधी अंगणवाडीचा स्वयंपाकाचा कोपरा, कधी ग्रामपंचायतीत कपाटाचा आडोसा. दार लागणारी खोली मिळाली की सण वाटायचा.

त्या दिवशी मिळाली होती. गावाचं नाव सांगणार नाही. मेहकरहून तासाभराच्या अंतरावर, एवढं पुरे. रविवार होता, मार्चचं ऊन, जिल्हा परिषदेची शाळा रिकामी. चौथीच्या वर्गाला कडी होती. गावच्या आशाताईंनी बाया जमवल्या होत्या. आतल्या चाचणीला अकरा जणी तयार झाल्या. एकेकीला आत घेऊन समजावून सांगितलं, सही नाहीतर अंगठा घेतला, बोट टोचलं. प्रत्येकीच्या हातात नंबराची चिठ्ठी, पट्टीवर तोच नंबर. प्रत्येक पट्टी तिच्या वेळेला वाचून मी रजिस्टरात लिहीत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच, एकेक रेघ, म्हणजे काही आढळलं नाही. सहाव्या पट्टीवर दोन.

मी तिथंच थांबले. पट्टी उजेडाकडे नेऊन पाहिली. दोनच.

सहा नंबर म्हणजे चोविसेक वर्षांची सून. निळी साडी. बोट टोचताना तिनं दुसऱ्या हातानं खिडकीचा गज धरला होता. तिच्या मागं सात नंबरला तिची सासू. सासू आठवडी बाजारात भाजी विकणारी, आवाज असा की शाळेच्या मैदानापर्यंत जावा. नवरा बाहेरगावी कंपनीत. घर चालवायची ती सासूच.

सातपासून अकरापर्यंत पुन्हा एकेक रेघ. मी पाणी प्याले, रजिस्टर छातीशी धरून. आणि विचार केला. आज वाटतं, विचार केला नसता तर बरं झालं असतं. मला वाटलं, या मुलीशी निवांत बोललं पाहिजे. मागं कुणी ताटकळत असेल तर ते जमणार नाही. तेव्हा बाकीच्या दहा जणी पटापट मोकळ्या करू, बाहेर गर्दी राहणार नाही, मग तिला शेवटी बोलावू आणि हवा तेवढा वेळ देऊ. मला हे फार समजूतदारपणाचं वाटलं.

एक ते पाच दोन-दोन मिनिटांत झाल्या. “काही आढळलं नाही, ताई. काळजी घ्या. या.” मग मी दार किलकिलं करून म्हटलं, “सात नंबर.”

मग तो आवाज.

“सात? अन सा?”

मी म्हटलं, “सात या.”

“अव बाई, सा नंबर माही सून हाय. तिचं आधी. सातच्या आधी सा येते, का तुमच्या कालेजात नाही येत?”

बाया हसल्या. मला ते वाक्य ऐकू आलं, बुलढाण्याच्या वर्गातलं. त्या मोजत बसतात. पाच जणी दोन-दोन मिनिटांत बाहेर, सहावी गाळली, आणि आता ती शेवटी एकटी अर्धा तास आत बसणार होती. मी तोंडातून एक शब्द न काढता दवंडी पिटायला निघाले होते. आणि ऐकायला पुढ्यात तिची सासूच.

त्या गावात तिला त्याच घरात राहायचं होतं. हे उद्या सासूच्या कानावर अंदाजानं गेलं, तिच्या तोंडून नाही, तर काय होईल ते मी एका गावात पाहिलेलं होतं. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, आणि आठवड्याच्या आत माहेरी.

सासू दारात उभी. मी बळंच हसले. “अगं बाई, कागद खाली पडले माझ्या हातून. उचलले तसे लावले. चुकलं.”

“मंग जाऊ का बाहीर?”

“आलाच आहात तर बसा.”

ती बसली. मी दार लावलं, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तिला निकाल सांगितला. काही आढळलं नव्हतं. मग विचारलं, “मेथी काय भाव चालली?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आजारी. “दाहाची जुडी. काऊन?”

“आमच्या घरीही भाजीच आहे.”

“मंग घरी इचारा ना.”

तरी मी तिला बसवलं. बाजार कोणता, ओटा कुठं, पाणी कोण मारतं. पाचव्या मिनिटाला ती कंटाळली. आठव्या मिनिटाला तिची नजर रजिस्टरवर गेली.

“त्यात पाहा ना, माह्या सुनंचं काय हाय. मीच सांगतो तिले. नंबरची भानगडच नको.”

मी रजिस्टरवर पंजा ठेवला. “ज्याचा निकाल त्यालाच सांगतो, मावशी. तुमचाही मी कुणाला सांगणार नाही.”

“माहा सांगा ना गावभर! मले काय धाड भरली?”

मी हसले. पंजा उचलला नाही. पंधरा मिनिटं झाल्यावर तिला सोडलं. जाताना दारातूनच ती बाहेरच्यांना म्हणाली, “बसा वो बाया आता. तुमची बी भाजी इकत घेईन हे.”

आता काय करायचं ते मला दिसत होतं. ओळ मोडलीच होती, तर ती पुरती मोडायची, इतकी की कोणाचा नंबर कुठं गेला याचा कुणालाच पत्ता लागू नये. आणि प्रत्येकीला पंधरा मिनिटं. मोकळ्या केलेल्यांनाही.

मी दार उघडलं. “नऊ नंबर.”

“अन आठ?”

“नऊ या आधी.”

नऊला पंधरा मिनिटं बसवलं. मग म्हटलं, “तीन नंबर, तुमचा एक कागद राहिला.”

तीन नंबर घरी पोचली होती. तिला बोलवायला पोरं धावली. ती ओल्या हातांनी, पीठ लागलेली, आली आणि तिलाही पंधरा मिनिटं. मग आठ. मग पुन्हा एक नंबर. आशाताई दार ढकलून आत आल्या. “मॅडम, काय करून राह्यल्या तुमी? बाया हासून राह्यल्या. दोन वाजले. मले गावात तोंड दाखवायचं हाय.”

आशाताई त्याच गावच्या. सासूच्या घराला घर लागून. त्यांना काही सांगणं म्हणजे रजिस्टर व्हरांड्यात ठेवणं. मी म्हटलं, “कागद अपुरे राहिलेत हो माझ्याकडून.”

“पहिलंच शिबिर हाय का तुमचं?”

“नाही.”

“मंग?”

मी पुढचा कागद उचलला. त्या दार आपटून गेल्या आणि बाहेर जे बोलणं सुरू झालं ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

“बीए झाली म्हने.”

“कायचं बीए? अकरापरेंत मोजता येत नाही.”

“अव, नकली असन. आजकाल मियते तसं.”

मला वाटलं, दार उघडावं आणि सांगावं की माझी मार्कशीट पाहायला या. तीन वर्षं पहाटेची गाडी पकडून केलंय. बापाच्या भाजीच्या गोणीवर बसून अभ्यास केलाय. मी दार उघडलं, आणि म्हटलं, “सहा नंबर.”

मुद्दाम मधेच. मागं अजून दहा आणि अकरा नंबर होते, दोन, चार आणि पाचही परत बोलवायच्या होत्या.

ती आली. बाकावर बसली. मी खुर्ची जवळ ओढायच्या आत तीच बोलली, हळू, “मले टाळलं तुमी. सा सोडून सात.”

मी खुर्ची जवळ ओढून बसले.

“मीबी मोजून राह्यली होती ना.”

चूक जिथं पोचायला नको तिथंच पहिली पोचली होती. मी म्हटलं, “हो. टाळलं. तुमच्याशी नीट बोलता यावं म्हणून. पण ते चुकलं माझं.”

मग जसं शिकवलं होतं तसं सांगितलं. या चाचणीत तुमचं रक्त रिॲक्टिव्ह आलंय, म्हणजे एचआयव्ही असण्याची शक्यता दिसते. ही शेवटची तपासणी नव्हे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केंद्र आहे, तिथं वेगवेगळ्या किटवर पुन्हा पाहतात, त्याच दिवशी सांगतात. तेच निघालं तरी गोळ्या आहेत, रोज एक, आणि माणूस संसार करतो, म्हातारा होतो. माझा आवाज सरळ होता. मनगटावरचं घड्याळ काढून मी मुद्दाम तिच्या मागच्या खिडकीत ठेवलं होतं. सहा मिनिटं गेली होती.

ती रडली नाही. तिनं एकच विचारलं.

“आत्याबाईले समजलं काय?”

“मी सांगितलं नाही.”

“ते नाही इचारलं मी.”

मी खरं सांगितलं. “शंका येण्यासारखं मी वागले. म्हणून आता सगळ्यांचेच नंबर उलटसुलट लावतेय.”

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं, कडी हलली. मग ती म्हणाली, “मंग माह्या मांगून आनखी लावा. मी शेवटची दिसू नको.”

“लावते.”

“अन मले केवढा वेळ बसाचं हाय?”

“आणखी सहा मिनिटं.”

त्या सहा मिनिटांत तिनं मला केंद्राची खोली कुठं, कोणत्या वारी जायचं, सोबत कुणी लागतं का, हे विचारून घेतलं. फोन नंबर दिला नाही. फोन सासूजवळ असतो म्हणाली. उठताना पदर डोक्यावर घेतला, तोंडावरून हात फिरवला, आणि दार उघडताच सासूला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “लय बोलते वो हे बाई. डोकं उठलं माह्यं.”

बाया खदखदल्या. मी दारामागं उभी राहून ऐकलं. मग अकरा नंबरला बोलावलं, दहाच्या आधी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून साहेबांचा फोन आला. स्पीकरवर होता, मागं चौघांचे आवाज. गावातून तक्रार आहे, बायांना परत परत बोलावलं, कागद अपुरे ठेवले. सुशिक्षित मुलगी म्हणून घेतलं होतं तुम्हाला. मी म्हटलं, चूक झाली सर. ती खरोखरच झाली होती, तेवढं बोलायला जड गेलं नाही. जड गेलं ते बुलढाण्याच्या बाईंना फोन करणं. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील.

“गेली का ती केंद्रावर?”

“अजून नाही.”

“मंग माह्यापाशी रडू नको. ती जाईपर्यंत तुह्यं काम झालं नाही.”

ती सोमवारी गेली नाही. गुरुवारी नाही. मी तिच्या घरी जाऊ शकत नव्हते. कार्ड गळ्यात घालून त्या दारात उभं राहणं म्हणजे उरलेलं सांगून टाकणं. आशाताईंना दुसऱ्याच कामाचा फोन केला, तर त्या म्हणाल्या, “तुमच्या शिबिराचं कोनी खरं धरून नाही राह्यलं, मॅडम. त्या भाजीवाल्या मावशी म्हनते, त्या येड्या बाईनं दिलेले कागद चुलीत घाला.” मी फोन ठेवला. मी वेडी ठरले म्हणजे ती वाचली, असं मी आठवडाभर स्वतःला समजावत होते. आता कळलं की वेड्या बाईच्या सांगण्यावरून कुणी सुनेला दवाखान्यात पाठवत नाही. केंद्रावरच्या समुपदेशक मॅडमना मी दर दुपारी विचारायचे, निळ्या साडीतली कुणी? जशी काही तिच्याजवळ एकच साडी होती.

अकराव्या दिवशी मी स्वतः केंद्रावर रजिस्टर जुळवायला गेले होते. बाकावर दोघी बसलेल्या. सासू आणि ती. साडी हिरवी.

सासूनं मला ओळखलं. “तुमीच ना त्या?”

“हो, मावशी.”

“तुमीनं हिचं रगत कमी सांगतलं. हे म्हने, आत्याबाई, त्या बाईले मोजता येत नाही, आपन मोठ्या दवाखान्यात दाखवू. म्हनून आनली. राग नका मानू.”

मी सुनेकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होती, अगदी मन लावून. हिमोग्लोबिन तिचं खरंच कमी होतं, तेवढं खोटं नव्हतं. बाकीचं तिनं एकटीनं घरात बसून जुळवलं होतं, माझ्या फजितीचा उपयोग करून. मला सुचलं नसतं.

तिला आत बोलावलं. बाकावर आम्ही दोघी. दार बंद. दहा मिनिटं, वीस. मी रजिस्टर उघडायलाही घाबरत होते. अर्ध्या तासानं सासू माझ्याकडे वळली. आवाज बाजारातला नव्हता.

“काय हाय वो तिले? खरं सांग.”

‘मला माहीत नाही’ म्हणणं खोटं. ‘सांगता येत नाही’ म्हणणं म्हणजे सांगणंच. मी म्हटलं, “मावशी, त्या बाहेर आल्या की त्यांनाच विचारा. आतल्या मॅडम त्यांना सगळं समजावतायत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मेथीच्या जुडीत खालच्या काड्या सडल्यात का बघतात, तसं. मग पिशवी मांडीवर घेतली आणि दाराकडे तोंड करून बसली. ते मला बोलण्यापेक्षा जड गेलं.

दार उघडलं. सून बाहेर आली. डोळे लाल होते, लपवलेले नव्हते.

“काय निघालं?” सासूनं विचारलं.

“घरी गेल्यावर सांगतो.”

“इथं सांग.”

“नाही, आत्याबाई. घरी. मीच सांगतो.”

सासू उठली. सुनेच्या हातातली कागदांची फाईल घेतली, आपल्या पिशवीत घातली, आणि पुढं चालू लागली. सून मागं. मी फाटकापर्यंत पाहिलं. कधी सांगितलं, कसं सांगितलं, तिकडं काय झालं, हे मला माहीत नाही. विचारायचं नसतं. नवरा महिन्याभरात येऊन तपासणी करून गेला एवढं रजिस्टरात आहे.

पुढच्या गोळ्यांच्या तारखेला दोघी आल्या होत्या. सून खिडकीपाशी रांगेत. सासू बाकावर, मांडीवर गोळ्यांची रिकामी डबी. मला पाहून तिनं हात केला.

“इकडं ये पोरी. हे गोई जेवनाच्या आधी का नंतर? हे काही सांगत नाही नीट. परवा दोन घास खाऊन उठली.”

“जेवणाचं काही नाही, मावशी. फक्त रोज एकाच वेळेला.”

“अन इसरली तं?”

मी तिच्या शेजारी बसले. विसरली तर काय करायचं, ते सावकाश सांगायला सुरुवात केली.